होलीरूडचा हिशेब: एडिनबर्गच्या संसद भवनाचा खर्च नेमका कुठे वाढला?

स्कॉटलंडच्या संसद भवनाचा, म्हणजे एडिनबर्गमधल्या होलीरूडचा, विषय निघाला की दोन आकडे शेजारी शेजारी मांडले जातात. 1997 साली सरकारने सांगितलेले जास्तीत जास्त 4 कोटी पौंड, आणि 2007 साली जाहीर झालेला शेवटचा खर्च, 41.44 कोटी पौंड. म्हणजे दहा पट. वर तीन वर्षांचा उशीर. आणि एवढं करून उभं काय राहिलं, तर वाकड्यातिकड्या खिडक्यांची, काळ्या दगडाचे न उलगडणारे आकार भिंतीवर चिकटवलेली एक इमारत. तिथल्या तिथे निकाल लागतो: एका लहरी परदेशी वास्तुरचनाकाराने करदात्यांच्या पैशांवर आपली हौस भागवून घेतली.

हा निकाल चुकीचा आहे, आणि तो इतक्या सहज दिला जातो म्हणूनच हे प्रकरण मुळापासून बघायला हवं. सार्वजनिक इमारतींवरच्या वादात आपण जिथे बोट ठेवतो तिथे सहसा दुखणं नसतं. होलीरूडचं बरं हे की त्याची जाहीर चौकशी झाली, कागद उघडे झाले, आणि कुठल्या महिन्यात कुठला निर्णय कुणी घेतला हे आज सांगता येतं.

पहिला आकडा

सप्टेंबर 1997 मध्ये स्कॉटलंडमध्ये सार्वमत झालं. जवळजवळ 74 टक्के लोकांनी स्वतःची संसद हवी असा कौल दिला. त्याआधी, जुलैमध्ये, लंडनच्या सरकारने जी श्वेतपत्रिका काढली तिच्यात संसदेच्या जागेचा खर्च 1 ते 4 कोटी पौंड येईल असं म्हटलं होतं. लोकांच्या डोक्यात बसला तो हाच आकडा.

तो आला कुठून? तेव्हा जागा ठरलेली नव्हती. नकाशा नव्हता. किती कर्मचारी बसतील, किती समित्या असतील, पत्रकारांना किती खोल्या लागतील, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. एखादी जुनी इमारत डागडुजी करून वापरली तर इतके, नवी साधी इमारत बांधली तर तितके, असा तो ढोबळ पल्ला होता. त्यात कर, सल्लागारांची फी, जमिनीची किंमत, आतलं सामानसुमान धरलेलं नव्हतं. शेवटच्या 41.44 कोटींत मात्र हे सगळं आहे. त्यामुळे 'दहा पट' हा हिशेबच मुळात दोन वेगळ्या वस्तूंची तुलना आहे. खर्च प्रचंड वाढला हे खरंच, त्यात शंका नाही. पण ज्याला अंदाजपत्रक म्हणता येईल असा आकडा 1997 मध्ये नव्हताच, आणि तरीही तो अंदाजपत्रकासारखा सांगितला गेला. पुढच्या सगळ्या अविश्वासाचं बीज त्यात आहे.

जागेच्या निवडीतही घाई झाली. कॅल्टन टेकडीवर जुन्या रॉयल हायस्कूलची देखणी इमारत 1979 च्या सार्वमताच्या वेळीच विधानसभेसाठी तयार करून ठेवली होती. स्कॉटलंडचे मंत्री डोनल्ड ड्यूअर यांना ती नको होती. जागा अपुरी हे एक कारण, आणि ती इमारत स्वतंत्र स्कॉटलंड मागणाऱ्यांचं प्रतीक बनली होती हे दुसरं. लीथ आणि हेमार्केट इथल्या जागांचाही विचार झाला. मग अगदी शेवटी रॉयल माइल या जुन्या शहरातल्या रस्त्याच्या तळाशी, राणीच्या होलीरूड राजवाड्यासमोर, एक दारूभट्टीची जागा पुढे आली आणि जानेवारी 1998 मध्ये तीच जाहीर झाली. बाकीच्या जागांचा अभ्यास महिनोन्‌महिने चालला होता, निवडली गेलेली जागा मात्र यादीत सगळ्यात उशिरा आली होती.

याच रॉयल माइलच्या वरच्या टोकाला, किल्ल्याजवळ, नगररचनाकार पॅट्रिक गेडिस राहत आणि काम करत असत. हेच गेडिस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्याच हाताखालून गेले. गेडिस यांचा आग्रह एकच असे: आधी पाहणी, मग आराखडा. एडिनबर्गच्या जुन्या वस्तीत त्यांनी तसंच काम केलं आणि आपल्याकडच्या गावांसाठी अहवाल लिहिताना तोच हेका धरला. त्यांच्याच रस्त्यावर, त्यांच्यानंतर शतकभराने, आधी तारीख ठरली, मग आकडा, मग जागा, आणि पाहणी सर्वांत शेवटी.

नकाशा नाही, माणूस निवडला

1998 मध्ये स्पर्धा झाली ती आराखड्यासाठी नव्हती. 'आम्हाला वास्तुरचनाकार निवडायचा आहे, नकाशा तो आमच्याबरोबर बसून करेल' अशी तिची रीत होती. सुमारे 70 जणांनी अर्ज केले, पाच जणांच्या कल्पना लोकांना बघायला मांडल्या आणि जुलैमध्ये बार्सिलोनाच्या एन्रिक मिराजेस यांचं नाव जाहीर झालं. त्यांच्या जोडीला एडिनबर्गची आरएमजेएम ही कंपनी. मिराजेस यांनी मांडणीत पानं आणि काटक्या ठेवल्या होत्या. संसद ही जमिनीतून उगवल्यासारखी वाटली पाहिजे, समोरच्या आर्थर्स सीट डोंगराचा उतार इमारतीच्या अंगणात येऊन मिसळला पाहिजे, ही त्यांची कल्पना. ड्यूअर त्यावर भाळले. मलाही ती कल्पना सुंदर वाटते. पण पानं आणि काटक्यांवरून चौरस मीटरचा दर काढता येत नाही, आणि तेव्हा बांधकामाचा खर्च 5 कोटी पौंड धरून स्पर्धा झाली होती, फी आणि कर सोडून.

खरा निर्णय

आता या प्रकरणाचा गाभा. खर्च वाढण्याचं सगळ्यात मोठं कारण वर्तमानपत्रांत कित्येक वर्षं आलंच नाही, कारण ते दिसायला कंटाळवाणं होतं: कंत्राटाचा प्रकार.

आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामाची रीत वाचकांना साधारण ठाऊक असते. नकाशे पूर्ण होतात, प्रत्येक बाबीचं परिमाण काढतात, अंदाजपत्रक होतं, प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता मिळते, मग निविदा निघते. कंत्राटदार दर भरतो आणि त्या दराला बांधला जातो. पुढे जादा बाबी निघतात, सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, घ्यावी लागते, हेही आपण पाहतोच. पण निदान सुधारित मान्यता कशाच्या तुलनेत मागितली आहे, हे कागदावर असतं.

होलीरूडला जी पद्धत घेतली तिच्यात एकच मुख्य कंत्राटदार नसतो आणि एक ठरलेली किंमतही नसते. मालक एक बांधकाम व्यवस्थापक नेमतो, तो फीवर काम करतो. पाया, काँक्रीट, खिडक्या, लाकूडकाम, विजेचं काम यांची डझनावारी स्वतंत्र कंत्राटं थेट मालकाच्या नावावर निघतात. नकाशे पुरे होण्याआधीच पाया खणायला सुरुवात करता येते, म्हणून ती वेगवान म्हणवली जाते. त्या वेगाची किंमत अशी की खिडक्यांचा नकाशा उशिरा आला आणि त्यामुळे सुतारकामाचा कंत्राटदार रिकामा बसला, तर त्याच्या रिकाम्या दिवसांची भरपाई मालकाने द्यायची. सगळी जोखीम मालकावर. खाजगी कंपनी, जिला आपल्याला काय हवं ते नेमकं माहीत आहे आणि जिचा एक माणूस दिवसभरात निर्णय देऊ शकतो, ती हे पेलू शकते. जिचे सदस्य अजून निवडूनच आलेले नाहीत अशा संसदेसाठी हीच पद्धत घेणं म्हणजे सही केलेला कोरा धनादेश देणं होतं.

चौकशीत सगळ्यात धक्कादायक निघालं ते याच बाबतीत. ही पद्धत घ्यायचं अधिकाऱ्यांनी 1998 मध्ये आपल्या पातळीवर ठरवलं. मंत्र्यांपुढे 'हे दोन पर्याय, यात जोखीम अशी, त्यात तशी' असा प्रस्ताव गेलाच नाही. ड्यूअर यांनी इमारतीच्या रूपावर, जागेवर, सभागृहाच्या बैठकीवर तासन्‌तास चर्चा केल्या. ज्या निर्णयाने सगळी जोखीम करदात्याच्या खिशात घातली, तो त्यांच्या टेबलावर आला नाही.

जून 1999 चं मतदान

मे 1999 मध्ये निवडणूक झाली, 129 सदस्य निवडून आले आणि चर्चच्या सभागृहात तात्पुरते बसू लागले. 1 जूनला प्रकल्पाची मालकी सरकारकडून संसदेच्या व्यवस्थापन मंडळाकडे गेली. म्हणजे ज्यांनी काहीच ठरवलं नव्हतं ते आता मालक झाले. 17 जूनला सभागृहात प्रश्न आला: थांबायचं की पुढे जायचं? ड्यूअर यांनी एकूण खर्च 10.9 कोटी पौंड सांगितला. 66 विरुद्ध 57 मतांनी पुढे जायचं ठरलं.

त्या 10.9 कोटींत प्रत्यक्ष बांधकामाचे 6.2 कोटी होते. खर्च सल्लागारांचा स्वतःचा हिशेब मात्र 8.9 कोटींचा होता. मधला 2.7 कोटींचा फरक म्हणजे त्यांनी धरलेली जोखमीची तरतूद. ती वजा करून, काटकसरीने भरून काढू असं गृहीत धरून, आकडा वर, मंत्र्यांकडे, पाठवला गेला. ड्यूअर यांना हे सांगितलं गेलं नव्हतं, आणि म्हणून सदस्यांनाही कळलं नाही. नऊ मतांच्या फरकाने झालेलं मतदान. 2.7 कोटींची ती ओळ त्या दिवशी सभागृहात वाचली गेली असती, तर निकाल काय लागला असता? माझ्या मते काम थांबलं असतं, निदान वर्षभर, आणि ते थांबणं सगळ्यांच्या भल्याचं ठरलं असतं.

पुढे मागण्या वाढत गेल्या. नव्या मालकांना जागा अपुरी वाटली. कर्मचारी जास्त, समित्या जास्त, म्हणून सुमारे 4,000 चौरस मीटर वाढवून मागितले. मुख्य सभागृहाचा आकार सदस्यांना पटेना, तो बदलला. यातली एकेक मागणी घेतली तर अवाजवी नव्हती. काम करणाऱ्या माणसांना बसायला जागा हवीच. फक्त त्या सगळ्या पाया खणला जात असताना आल्या.

मग 2000 साल उजाडलं. मार्चमध्ये एका स्वतंत्र पाहणीने सांगितलं की असंच चालू राहिलं तर 23 कोटी लागतील. एप्रिलमध्ये संसदेने ठराव केला की 19.5 कोटींच्या वर जायचं नाही. 3 जुलैला मिराजेस वारले, मेंदूतल्या गाठीने, वय अवघं 45. ऑक्टोबरमध्ये ड्यूअर गेले. ज्या दोन माणसांच्या मनात ही इमारत होती ते दोघंही चार महिन्यांत नाहीसे झाले. मिराजेस यांच्या पत्नी आणि भागीदार बेनेदेत्ता ताल्याबुए यांनी बार्सिलोनाहून काम पुढे नेलं, पण एडिनबर्गच्या भागीदार कंपनीशी त्यांचं जमेना. नकाशे उशिरा येत राहिले.

19.5 कोटींच्या मर्यादेने नुकसानच केलं असं मला वाटतं. मर्यादा घालताना इमारत लहान केली नाही, मागण्या कमी केल्या नाहीत. आकडा तेवढा गोठवला. मग वास्तुरचनाकार आणि सल्लागार महिनोन्‌महिने न जमणारा हिशेब जमवत बसले, आणि वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक वाया गेलेल्या महिन्याचं बिल संसदेलाच. 2001 च्या जूनमध्ये संसदेने ती मर्यादा सोडून दिली. सप्टेंबर 2001 च्या न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर सुरक्षेची चिंताही वाढली. स्फोटापासून बचावाच्या अटींनी खिडक्या, चौकटी आणि त्यांचे आधार जड आणि महाग होत गेले. सप्टेंबर 2003 पर्यंत आकडा 40 कोटींवर पोचला होता.

दिसण्याचा वाद

आता रूपाकडे. लोकांच्या रागाला चेहरा मिळाला तो इथेच.

सदस्यांच्या कार्यालयांच्या इमारतीला पश्चिमेकडे एक भिंत आहे. तिच्यावर प्रत्येक खोलीची एक खिडकी बाहेर आलेली आहे, ओक लाकडाच्या काठ्यांनी अर्धी झाकलेली. आत गेल्यावर छत अर्धगोल, उघड्या काँक्रीटचं, आणि खिडकीच्या पोटात एक लाकडी बाक, एका माणसाला पाय वर घेऊन बसता येईल एवढा. लोकप्रतिनिधीने दिवसातून थोडा वेळ एकट्याने तिथे बसून विचार करावा, अशी मिराजेस यांची इच्छा. विरोधकांनी या बाकाची यथेच्छ टवाळी केली. मला तो या इमारतीतला सगळ्यात माणुसकीचा कोपरा वाटतो. राज्यकर्त्याला विचार करायला जागा द्यावी असं वास्तुरचनाकाराला सुचणं ही हसण्याची गोष्ट नाही.

मुख्य सभागृहाचं छत ही दुसरी गोष्ट. 30 मीटरहून जास्त रुंद जागेत मध्ये एकही खांब नाही. ओकच्या तुळया पोलादी सांध्यांनी एकमेकींत गुंफल्या आहेत. असे 112 सांधे, आणि प्रत्येकाचा कोन, माप थोडं वेगळं. नेहमीच्या बांधकामात एक साचा करून शंभर नग काढतात म्हणून नग स्वस्त पडतो, इथे जवळपास प्रत्येक सांध्याचा वेगळा नकाशा, वेगळी घडण, वेगळी तपासणी. रूपामुळे पैसा कुठे गेला हे दाखवायचं तर इथे दाखवता येईल, आणि ते नाकारायचं कारण नाही. अशी रचना महागच असते. मार्च 2006 मध्ये चर्चा चालू असताना याच छतातली एक तुळई सुटून लोंबकळली, सदस्यांना बाहेर काढावं लागलं आणि दुरुस्ती होईपर्यंत काही आठवडे संसद दुसरीकडे भरली. त्या दिवशी टीकाकारांचा आवाज चढला तो वाजवीच होता. डोक्यावरचं छत ही चवीची बाब नव्हे.

बाहेरच्या भिंतीवरच्या काळ्या दगडी आकारांचं मात्र मला आजही पटत नाही. कुणाला त्यात पडदा दिसतो, कुणाला केस वाळवायचं यंत्र. त्यांच्यामुळे आधीच गजबजलेली भिंत आणखी गजबजते. उलट कॅननगेटच्या, म्हणजे रॉयल माइलच्या खालच्या टोकाच्या, बाजूची, वेगवेगळ्या भागांतले दगड आणि कोरलेल्या ओळी बसवलेली भिंत रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवते, आणि तिच्यापुढे उभं राहायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

2005 मध्ये या इमारतीला ब्रिटनचा मानाचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी एका दूरचित्रवाणी वाहिनीने 'पाडून टाकाव्यात अशा इमारती' प्रेक्षकांना विचारल्या, तर त्यातही तिचं नाव आलं. दोन्ही मतं प्रामाणिक आहेत. खर्चाचा राग डोळ्यांत असताना रूप नितळ दिसत नाही, आणि पुरस्कार देणाऱ्यांच्या खिशातून बिल गेलेलं नसतं.

चौकशीत काय निघालं

2003 मध्ये स्कॉटलंड सरकारचे प्रमुख (फर्स्ट मिनिस्टर) जॅक मॅकॉनेल यांनी लॉर्ड फ्रेझर यांच्याकडे चौकशी सोपवली. सुनावण्या जाहीर झाल्या, 49 बैठका झाल्या. नव्या भवनात संसद पहिल्यांदा भरली 7 सप्टेंबर 2004 ला, आणि फ्रेझर यांचा अहवाल आला 15 तारखेला. रंगाचा वास जायच्या आत सदस्यांच्या हातात हिशेब पडला. राणीच्या हस्ते उद्घाटन त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये.

फ्रेझर यांनी लिहिलं की सगळा दोष एका मृत, मनस्वी, स्पॅनिश प्रतिभावंताच्या दारात टाकायचा मोह होतो, पण महालेखापालांचा निष्कर्षच खरा: खर्च वाढला कारण मालकाला, म्हणजे आधी मंत्र्यांना आणि मग संसदेला, वाढ आणि बदल हवे होते, किंवा निदान त्यांनी ते मंजूर केले. आणि जबाबदारी विचारली तेव्हा कॅननगेटच्या प्राचीन भिंतींनी एकच हाक ऐकली, 'मी नाही केलं.' उशिराचा मोठा वाटा तपशिलाचे नकाशे वेळेवर न आल्याचा होता, म्हणजे वास्तुरचनाकारांची कार्यालयंही सुटली नाहीत. कंत्राटाची पद्धत निवडताना मंत्र्यांना विचारलं नाही याबद्दल अधिकाऱ्यांवर कडक ताशेरे आले. कुणाला तुरुंग नाही, कुणाची नोकरी गेल्याचा गाजावाजा नाही. एवढ्या मोठ्या रकमेत कुणी खिसे भरल्याचा ठपकाही आला नाही. मला हीच गोष्ट जास्त अस्वस्थ करते. चोर सापडला असता तर उपाय सोपा होता.

आणि उपाय शिकला गेला का? त्याच शहरात, त्याच काळात, ट्रामचं काम आकार घेत होतं. 2003 मध्ये 37.5 कोटी पौंडांत पूर्ण जाळं होईल असं सांगितलं गेलं. मे 2014 मध्ये विमानतळापासून शहराच्या मध्यापर्यंत एकच मार्ग सुरू झाला, तोपर्यंत 77.6 कोटी खर्च झाले होते. पुन्हा कंत्राटात जोखीम कुणाकडे यावरूनच भांडण, पुन्हा नकाशे पुरे होण्याआधी सह्या, पुन्हा लोकप्रतिनिधींपुढे अपुरी माहिती. फ्रेझर यांनी साधारण वर्षभरात अहवाल दिला होता. ट्रामच्या चौकशीला नऊ वर्षं लागली, तिचा अहवाल सप्टेंबर 2023 मध्ये आला, आणि टाळता आल्या असत्या अशा चुकांची मालिका त्यात नोंदवलेली आहे. ट्रामच्या रूपाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दोष द्यायला तिथे कुणी मिराजेस नव्हता.